चावडीच्या मागची मोजणी

बायको जाऊन आठ महिने झाले. येणारे जाणारे म्हणतात, तिच्याबद्दल कायतरी लिहून ठेवा. काय लिहू? स्वयंपाक चांगला करायची, असं सगळेच लिहितात. माझी करायची नाही, मीठ हमखास जास्त पडायचं. पण बिदरच्या परिषदेत माझा प्रस्ताव निवडला गेला तो तिच्यामुळं. हे ती जिवंत असेपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही. म्हणून आता लिहितो.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. गावचा कारभार कसा सुधारावा यावर बिदरला परिषद भरणार, हैदराबादचे प्राध्यापक आणि मोठे अंमलदार येणार, असा कागद आमच्या शाळेच्या मास्तरांकडं आला. गावच्या लोकांनीही प्रस्ताव द्यावेत, मात्र नुसतं गाऱ्हाणं नको. स्वतः तपास करावा, कसा केला आणि काय निघालं ते लिहावं. निवडलेला प्रस्ताव परिषदेत वाचायला मिळणार होता.

मी उर्दू शाळेत तिसरीपर्यंत शिकलेला आणि नव्या पंचायतीत पंच. विषय शोधायला मला कुठं जावं लागलं नाही. बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, नाल्यापलीकडच्या वाडीत राहायची. तिचा नवरा वारला होता आणि जमीन तिच्या नावावर चढायची होती. जमिनीच्या नोंदी करणारा पटवारी चावडीत कधी यायचा, कधी नाही. अक्काचा दीर म्हणायचा, "पेरणीच्या आत कागद दाखव, न्हाईतर त्या रानात नांगर माझा." अक्का यायची आणि हात हलवत परत जायची.

मी चावडीसमोरच्या कट्ट्यावर पंधरा दिवस बसलो. काम होऊन माणूस बाहेर पडला की एक चिंचोका उजव्या खिशात, तसाच परत गेला की डाव्या. लोक हसायचे. "पंच, चौसर मांडायलाव का काय?" डावा खिसा फाटायला आला. मग पटवाऱ्यानं आठवड्यातून एक ठरलेला दिवस चावडीत बसावं, असा प्रस्ताव मास्तरांनी सुबक अक्षरात लिहून दिला. तो भालकीला तालुक्याच्या कचेरीत देऊन मी छाती फुगवून घरी आलो.

बायको भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या मोजणीत अक्का कुठल्या खिशात हाय?"

"डाव्या."

"कवा बघितलाव तिला?"

बघितलंच नव्हतं. आमच्याकडं बाई चावडीच्या पुढून जात नाही. तिथं बापमाणसं बसलेली असतात, म्हणून चपला हातात घेऊन मागून वळसा घालते. अक्का मागच्या भिंतीला उभी राहायची आणि आत जाणाऱ्या कुणाला तरी म्हणायची, "पटवारी आलाय का बघ की, अण्णा." पंधरा दिवस समोर बसून मी गाव मोजलं, आणि त्यात एकही बाई नव्हती. जन्मभर तसंच बघत आलो, चुकलेलं दिसणार कुठून?

"पटवारी रोज जरी बसला आत," ती म्हणाली, "तर अक्का काय उडत जाणार हाय?"

मला राग आला. "कागद दिलाय. आता चुकलं म्हणून सांगितलं तर फेकून देतील. मग अक्काचं काय?"

"चुकीचा मंजूर झाला तर अक्काचं काय?"

दुसऱ्या दिवसापासून ती चावडीच्या मागं गोवऱ्या थापायला लागली. आठ दिवस थापल्या. परत गेलेल्या प्रत्येक बाईमागं एक चिंचोका तिनं पिशवीत टाकला. वर प्रत्येकीला विचारलं, पटवारी कुठं बसला तर याल? जवळजवळ सगळ्या म्हणाल्या, बाजारादिवशी शाळेच्या ओसरीवर. हे विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

प्रस्ताव बदलून द्यायला मी भालकीहून रेल्वेनं बिदरची कचेरी गाठली. कारकून म्हणाला, "मुदत संपलीय. तुमचा प्रस्ताव चांगलाय, निवडतील बहुतेक. कामून मोडायलाव?"

तसंच परत यावं, असं वाटलं. पण घरी जाऊन हिला तोंड दाखवायचं होतं. म्हणालो, "चांगला न्हाई, साहेब. निम्मं गाव सुटलंय त्यातनं."

शेजारच्या टेबलावर हैदराबादचे एक प्राध्यापक बसले होते. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "निम्मं गाव कसं सुटलं?"

मी सांगितलं. चावडीचं, चपलांचं, गोवऱ्यांचं.

"आणि हे ध्यानात कसं आलं?"

"आलं," म्हणालो. एवढंच. घरच्या बाईनं दाखवून दिलं म्हणायची लाज वाटली. तो एक शब्द अजून टोचतो.

प्राध्यापक म्हणाले, "चूक लपवू नका. आधी असं मोजलं, असं चुकलं, मग असं मोजलं, हे सगळं लिहा. मुदतीचं मी बघतो." स्वतःचे कागद दिले आणि टेबलाची अर्धी बाजू रिकामी करून दिली. माझं वेडंवाकडं अक्षर त्यांनी वाचलं, एकदाही हसले नाहीत. त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही. मास्तरांचेही नाही.

परिषदेत वाचताना गोवऱ्यांपाशी लोक हसले. मी थांबलो, हसू संपू दिलं आणि पुढं वाचलं. शेवटी एक अंमलदार म्हणाले, तुमच्या गावापासूनच सुरुवात करून बघू. पेरणीला थोडे दिवस उरले असताना, पटवाऱ्यानं दर बाजारादिवशी शाळेच्या ओसरीवर बसावं, असा हुकूम आला.

पहिल्या बाजारादिवशी शाळेच्या ओसरीवर एवढ्या बाया जमल्या की मास्तरांनी वर्ग झाडाखाली नेला. अक्काची पाळी आली. पटवाऱ्यानं वही उघडली, तिचा अंगठा शाईत बुडवला, टेकवला.

"झालं?" अक्कानं विचारलं.

"झालं."

"एवढंच व्हतं?"

पटवाऱ्यानं पान उलटलं. अक्का अंगठ्याकडं बघत तशीच बसून राहिली. मागं बाया खोळंबल्या होत्या. बायकोनं तिला दंडाला धरून उठवलं. "ऊठ की, अक्का. रान तुझं झालं. बियाणं निवडायचंय अजून."