रिंगची उंची

टीव्हीवर मॅच लागली की उठून जाणारा आणि जाहिरात लागली की भिंत धरत लगबगीनं येऊन बसणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच, आमच्या शाळेतले खेळाचे मास्तर. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्तीनंतर आम्ही दोघेही मुरुमलाच राहिलो आणि संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन बसू लागलो. बास्केटबॉलच्या कुठल्याशा व्यावसायिक लीगच्या जाहिराती सध्या सारख्या लागतात. धूर, ढोल, काळोखातून येणारा घामाघूम खेळाडू आणि त्याच्या हातात पेटलेला चेंडू. मास्तर पुढं सरकून बसतात. "पेटलेला बॉल धरतुय कसा ह्यो? आन बाकीचे चौघं कुठं हायती, वरातीला गेले? एक पास दाखवा की लेकहो!" अंगात नुसतं बनियन असलं तरी गळ्यात शिट्टी असते. खेळाडूनं चेंडू न आपटता तिसरं पाऊल टाकलं की मास्तर ती जीव खाऊन फुंकतात. त्यामुळं सूनबाईंना कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. त्या घरातली डाळ एक तर कच्ची असते, नाहीतर तिचं पिठलं झालेलं असतं. "मामा, त्यो टीव्हीतला माणूस ऐकतुय व्हय तुमचं?" असं त्या विचारतात. "न्हाय ऐकलं तरी चूक ती चूकच," मास्तर म्हणतात.

जाहिरातीच्या शेवटी खेळाडू उडी मारून रिंगला लोंबकळतो, तेव्हा त्यांचा शेरा ठरलेला. "फसवणूक हाय. रिंग खाली घेतलीय. दहा फुटाला असा हात पोचतुय व्हय?" त्यावर मी पाणी प्यायला उठतो. त्या घरात मी तहान नसताना फार पाणी प्यालो आहे.

ते का, हे आता लिहून टाकतो. आमच्या शाळेत बास्केटबॉल आणला तो मास्तरांनीच. एका शिबिरात फळ्यावरच्या आकृत्या पाहून शिकले आणि नियमांचं पुस्तक तोंडपाठ केलं. खांब रोवायच्या आठवड्यात ते निवडणुकीच्या ड्यूटीवर होते आणि मोजमापाचा माणूस म्हणून काम माझ्याकडे आलं. मी रिंग बरोबर दहा फुटांवर बसवली, पण खांब जमिनीवर आडवा असताना. मग तो दीड फूट खड्ड्यात पुरला. मास्तरांनी आल्यावर विचारलं, "दहा फूट हाय न्हवं?" मी म्हणालो, "टेप लावून मोजलंय." त्यांनी पुन्हा मोजलं नाही.

पोरांनी दोन वर्षं त्या साडेआठ फुटांवर हात घोटला. डोळे मिटून चेंडू टाकायची. मग कळंबला स्पर्धेला गेलो. तिथं त्यांचा एकेक चेंडू रिंगच्या खालूनच जाऊ लागला. लोक हसले. मला बघताक्षणी कळलं. कप्तान म्हणाला, "सर, रिंग उंच वाटतीया." मास्तरांनी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. "रिंग तीच हाय! तुझं मनगट मेलंय!" परतताना एसटीत कुणी बोललं नाही. मीही नाही. आधी हेडमास्तरांचा धाक, मग लाज, मग नुसती सवय. पुढच्या वर्षी शाळेतून तो खेळ गेला. 'हवेत बॉल मारणारे मास्तर' एवढं नाव मागं राहिलं.

गेल्या महिन्यात जाहिरात लागली, मास्तरांनी शेरा मारला, आणि मी उठलो नाही. बसल्या जागी सगळं सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "म्हंजी पोरांचं मनगट बरोबर हुतं." माझ्याविषयी एक अक्षर नाही. "त्या पोराला म्या चारचौघात मारलं, ड्रॉइंगमास्तर. नाव सांगा त्याचं. पत्र घालू."

आम्ही आठवत बसलो. पाचांतल्या चौघांची नावं निघाली. एक पुण्याला आहे, दोघं शेती करतात, एक वारला. कप्तानाचं नाव मात्र दोघांनाही आठवेना. डावखुरा होता, एवढंच. हयात तिघांना विचारलं, तर त्यांनाही 'कप्तान' एवढंच आठवत होतं. शाळेत चौकशी केली, तर जुनी हजेरीपत्रकं वाळवीनं खाल्लेली. आता मास्तर जाहिरातींकडे बघत नाहीत. मी दारात दिसलो की विचारतात, "आठवलं का?"

म्हणून हे छापायला देतो आहे. डावखुऱ्या पोरा, आता तूही पन्नाशीला आला असशील. तुला रिंग उंच वाटली, कारण तुझ्या सवयीपेक्षा ती दीड फूट उंचच होती. तुझं मनगट मेलं नव्हतं. मोजण्यात चूक माझी झाली आणि मार तू खाल्लास. मास्तरांना आता ऐकायला कमी येतं, उठताना धरावं लागतं. जमलं तर लवकर ये.