धुळ्याचा निळा

मुलीचं लग्न झालं, तिची खोली रिकामी झाली, पण काचेची पेटी तिथंच राहिली. अडीच फूट लांब, आत खारं पाणी, दगडांचा ढिगारा आणि दोन मासे. दोनच, पण असे भांडकुदळ की गल्लीतल्या नळावरच्या बायका बऱ्या. "आई, पहिल्या आखाजीला येईन तेव्हा घेऊन जाईन. तोवर जगव," एवढा अक्षय्यतृतीयेचा वायदा करून ती धुळ्याला सासरी गेली. जगव म्हणे! लोक लेकीच्या मागं तुळस सांभाळतात, फार तर मांजर. माझ्या नशिबी समुद्र आला, तोही समुद्रापासून कोसो दूर मेहरूणमध्ये, जिथं चैत्रात नळाचं पाणीसुद्धा चटके देतं.

त्यातली लाल मादी तिनं पहिल्या पगारातून आणलेली. गर्द लाल अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे, आणि स्वभाव माझ्यासारखा. काच पुसायला हात घातला की बोटाला येऊन चावायची. मी तिला शिव्या घालायचे, ती मला चावायची, आमचं बरं चाललं होतं.

दुसरा निळा. बोटाच्या दोन पेरांएवढा, शेपटी पिवळी. हा धुळ्याचा. साखरपुड्याला माणसं साडी आणतात, पेढे आणतात. मुलीच्या होणाऱ्या जाऊनं प्लास्टिकच्या पिशवीत हा मासा आणला होता. नव्या सुनेला मासे आवडतात असं कानावर आलं म्हणून. एसटीत सगळा रस्ता मांडीवर धरून. माझ्या माहेरच्या, सावद्याकडच्या बायका माझ्याकडं बघून पदरात हसल्या. मी तोंडानं "छान छान" म्हटलं, पण मनात राग धरला तो धरलाच. आणि पेटीत सोडल्याबरोबर त्या टीचभर माशानं डावीकडचा दगड बळकावला. लाल त्या बाजूला फिरकली की हा अंगावर धावायचा. मी म्हटलं, बघा, आले तेच ताबा घ्यायला.

रोज चार वाजता मुलीचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "आई, मासे कसे आहेत?" मी विचारायचे, "तू कशी आहेस?" तर म्हणायची, "ठीक." ठीक म्हणजे काय? ठीक हा काय शब्द झाला? तीन खोल्यांत दोन भावांचे संसार, एक मोरी, एक ओटा. आणि ती जाऊ मूळची शिंदखेड्याकडची, आवाज असा खणखणीत की फोनमध्ये मागून ऐकू यायचा, "बठ्ठा बरा शेतस ना?" म्हणजे सगळे बरे आहेत ना. माझं डोकं फिरायचं. माझ्या लेकीला आईशी दोन शब्द एकटीनं बोलायची सोय नाही! पोरगी सुखात नाही, हे मी तेव्हाच धरून बसले. आखाजीला ती रडत आली तर? निदान तिची म्हणून ठेवलेली एक वस्तू इथं धड असावी. लाल जगली पाहिजे. बाकी काही माझ्या हातात नव्हतं.

ऊन वाढलं तशी पेटी तापायला लागली. मुलीनं सांगितल्याप्रमाणं पाण्यावर छोटा पंखा लावला. त्यानं पाणी थंड राहायचं, पण रोज अर्धं बोट खाली जायचं. तिनं कागदावर लिहून ठेवलं होतं, "पाणी कमी झालं की भर." कोपऱ्यात दोन कॅन होते, एक साध्या पाण्याचा, एक मीठ कालवलेला. कोणता, ते लिहिलं नव्हतं. त्यात विचारायचं काय? भाजीत पाणी वाढवलं की मीठ वाढवावं लागतं, नाहीतर रस्सा पाणचट. मी खाऱ्या कॅनमधलं पाणी ओतत राहिले. तो संपला तेव्हा तिच्या पाकिटातलं मीठ पेल्यानं मोजून नवा कॅन बनवला. किती शहाणी मी! ह्यांना कौतुकानं सांगितलंही. हे दिवसभर मोटारींचं रिवाइंडिंग करून दमून आलेले, म्हणाले, "तुला समजतंय ना, मग झालं."

पंधरा दिवसांनी लाल बिघडली. कोपऱ्यात वर तोंड करून राहायची, कल्ले भराभर उघडझाप. खाणं टाकलं. काचेच्या कडेवर पांढरी खपली धरायची, ती मी ओल्या फडक्यानं पुसून काढायचे आणि परत लालकडं बघत बसायचे. पोळी तव्यावर करपायची. निळा मात्र लाल दिसली की अजून तिच्या अंगावर धावायचा. मग दुसरं कोण असणार? त्यानंच छळलं होतं तिला.

मुलीनं सांगून ठेवलं होतं, फारच भांडले तर दगड हलव, म्हणजे कुणाचंच घर जुनं राहत नाही, आठ दिवस गप्प राहतात. मी सगळे दगड हलवले. निळ्यानं तासाभरात नवा दगड धरला. त्या दिवशी चारच्या फोनवर मी फाडकन बोलले, "त्या निळ्यानं माझ्या लालला जगणं नको केलंय. धुळ्याचा ना तो, खुनशीच असणार. दुसऱ्याच्या घरात घुसून वर दादागिरी."

मग मुलगी म्हणाली, "आई, असं नको बोलू." आणि फोन ठेवला. मागचा आवाजही त्या दिवशी आला नाही.

आखाजीला चार दिवस उरले होते. सकाळी मी जाळीनं निळ्याला धरलं. कसला चपळ! बाही कोपरापर्यंत भिजली, दोन दगड पडले, पण धरलाच. पेटीतलंच पाणी घेऊन बादलीत सोडला, उडी मारू नये म्हणून वर चाळण झाकली आणि बादली स्वयंपाकघरात ठेवली. म्हटलं, राहा आता एकटा, कळू दे. दुपारी लाइट गेली. स्वयंपाकघराची भट्टी झाली. संध्याकाळी चाळण उचलली तर तो आडवा तरंगत होता. रंगसुद्धा गेला होता. मी त्याला जास्वंदीच्या बुडाशी पुरलं, हात धुतले आणि स्वतःला सांगितलं, एकाचा जीव गेला तर गेला, दुसरी तरी वाचेल.

कसली वाचते! दुसऱ्या दिवशी लाल तळाशी बसली. मी मुद्दाम हात घातला, तिच्या अगदी तोंडाशी बोट नेलं. ती चावली नाही. तेव्हा माझं धाबं दणाणलं. चार वाजता मुलीनं विचारलं, "दोघं बरे आहेत ना?" मी म्हटलं, "मजेत."

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटेच हे मुराळी होऊन लेकीला आणायला धुळ्याला गेले. मी घागर धुऊन ठेवली, पुरणाची डाळ शिजत घातली आणि दर पाच मिनिटांनी पेटीपाशी येऊन बघत होते, कल्ले हलतात का. दुपारी रिक्षा थांबली. मी भाकरतुकडा ओवाळून टाकतेय तेवढ्यात ती चपला काढून सरळ आत गेली. माझ्याकडं धड बघितलंसुद्धा नाही.

"निळा कुठाय?"

"असेल दगडात लपलेला," मी म्हटलं. तोंडावर खोटं बोलले लेकीच्या.

ती वाकली, काचेच्या कडेवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं. मग ड्रॉवरमधून पाण्यातलं मीठ मोजायची एक काचेची नळी काढली, जी मी कधी पाहिलीही नव्हती. पेटीतलं पाणी तीत भरलं, आतला काटा बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, तू रोज कोणतं पाणी घातलंस?"

"खारं. समुद्राचे मासे आहेत ना?"

"अगं, पंख्यानं पाणी उडतं. मीठ उडतं का?"

पस्तीस वर्षं रांधतेय मी. आटलेली आमटी खारट होते आणि तिच्यात नुसतं पाणी घालायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं? ओट्यावर त्या क्षणी डाळ आटत होती आणि मी मघाशीच तिच्यात तांब्याभर साधं पाणी घातलं होतं. दोष ना भांडणाचा होता, ना धुळ्याचा. मीच रोज सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, त्या दोघांना मिठात घालत होते.

"आणि निळा?" तिनं परत विचारलं.

मी सांगितलं. बादली, चाळण, जास्वंद, सगळं. हे दारातच उभे होते, म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस की गं." एरवी मी त्यांना सोडलं नसतं.

मला वाटलं, ती लालसाठी रडेल. ती रडली निळ्यासाठी. फरशीवर बसून पर्स उघडली आणि खाण्याची एक छोटी डबी काढली. "जाऊबाईंनी दिली. निळ्याला आवडेल म्हणाल्या. मला पहिले पंधरा दिवस त्या घरात कुणाशी काय बोलावं कळत नव्हतं आई. त्याच म्हणाल्या, चल, आपल्या माशांची खबर घेऊ. रोज चार वाजता भांडी आटोपून आम्ही दोघी पायरीवर बसतो, फोन स्पीकरवर टाकतो. तू जे जे बोललीस, ते त्यांनी सगळं ऐकलंय."

"सगळं?"

"खुनशीसुद्धा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माझ्या लेकीवर पहारा करत नव्हती. ती तिला सोबत करत होती, आणि मी रोज त्या सोबतीत मूठभर मीठ टाकत होते. मला स्वतःचा असा राग आला की हातातला तांब्या आपटावासा वाटला.

मुलीनं डोळे पुसले आणि कामाला लागली. एकदम साधं पाणी ओतलं तर लाल मरेल म्हणाली. एक तांब्या खारं काढायचं, एक तांब्या साधं घालायचं, मग थांबायचं. पाच-सहा दिवस असंच करावं लागणार होतं. आखाजीचं पुरण मी एकटीनं वाटलं.

घड्याळात चार वाजले. मी म्हटलं, "फोन लाव."

"मी सांगते त्यांना हळूच."

"तू नाही. मी."

तिनं लावून माझ्या हातात दिला, मी हॅलो म्हटलं. पलीकडून तोच खणखणीत आवाज आला, पण जरा बिचकत, "हां मावशी?" मी काही तयारी केली नव्हती. सांगून टाकलं: तुमचा निळा गेला. माझ्या हातानं गेला. त्याचा काही दोष नव्हता. मी त्याला बोलले, तेही तुमच्यावरच्या रागानं बोलले.

मला वाटलं, फोन ठेवला. ठेवला असता तरी बरोबरच होतं. मग तिनं नाक ओढलं आणि हळू आवाजात विचारलं, "आनि लाल? लाल बरी शे ना?"

मी पेटीकडं बघितलं. लाल तळाशीच होती. कल्ले हलत होते.

"शे," मी म्हटलं, आणि दुसऱ्या हातानं साध्या पाण्याचा तांब्या उचलला.