रेडिओमामाची भाषापरीक्षा

माझ्या मामाला घरात सगळे रेडिओ म्हणत. "लोकांच्या रेडिओला बटण तरी असतं," असं आई म्हणायची. हा तिच्या पाठचा. तो बोलायला लागला तेव्हापासून तिला घरात एक वाक्य धड पुरं करता आलं नाही, अशी तिची कायमची तक्रार. असा माणूस प्रवचनकार होणार हे उघडच होतं. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "याला देवाचं पाचारण आहे." आजोबा म्हणाले, "असेल बुवा. फक्त जरा लांबून झालं तर बरं."

देवानं आजोबांचं ऐकलं. एका मिशनला परदेशातल्या इस्पितळासाठी प्रचारक हवा होता. मामा तीन वर्षांच्या करारावर गेला.

तिथल्या भाषेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच महिन्यात उपासनेत त्यानं पाठ केलेलं प्रवचन ठोकलं. 'देव तुमच्यावर प्रेम करतो' म्हणायचं होतं, ते 'देव तुम्हाला उकडून काढतो' असं काहीसं झालं. पुढच्या बाकांनी रुमालात तोंड खुपसलं, मागच्या बाकांना रुमालही पुरले नाहीत. प्रवचन कायमचं बंद झालं. इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी त्याला पुरुषांच्या वॉर्डात स्ट्रेचर ढकलायला लावलं. आणि ज्यांना भेटायला कुणी येत नाही त्यांच्याजवळ बसायला.

"तोंड बंद ठेवायचं काम आहे," तो फोनवर म्हणाला.

"म्हणजे जन्मठेपच की रे," आई म्हणाली.

वॉर्डात बारा खाटा. रंग देताना चिकटून बसलेल्या खिडक्या. मामाच्या स्टुलाचा एक पाय आखूड, त्याखाली औषधाच्या खोक्याचा दुमडलेला पुठ्ठा. तिथं बसायचं, पाण्याचा पेला धरायचा, मान हलवायची. सातव्या खाटेवर एक म्हातारा शिंपी होता. डॉक्टर आले की "बरं आहे," मुलाचा फोन आला की "बरं आहे." पण मामा बसला की तो तासभर बोलायचा, रडायचा आणि शांत झोपायचा. मामाला अक्षर कळत नव्हतं. म्हणून तर शिंपी बोलत होता. मग आठवी खाट बोलायला लागली, मग तिसरी. वर्षभरात स्टूल आपल्याकडे ओढून घेण्यावरून खाटांची भांडणं व्हायला लागली.

"ताई, मला बोलावलं होतं हे खरं गं," तो आईला म्हणाला. "बोलायला बोलावलंय असं आपणच धरून चाललो."

पण कानाला झाकण नसतं. दुसरं वर्ष संपत आलं होतं. पाचव्या खाटेवरचा एक हमाल आपल्या भावाबद्दल सांगत होता, आणि मामाला अख्खं वाक्य कळलं. हातातला पेला हिंदकळला. हमालानं "हळू" म्हणून पाणी पुसलं आणि पुढे सांगू लागला. मामानं तोंडावरची रेष हलू दिली नाही.

तेव्हापासून त्यानं काही न कळल्याचं सोंग वठवलं. "खोटं बोलू नको अशी आज्ञा आहे," तो म्हणायचा, "मी बोलतोच कुठे?" पण सोंग वॉर्डात घालून खोलीवर काढून ठेवता येईना, गाव एवढंसं. दुकानात बोट दाखवायचं. घरमालकाच्या विनोदावर हसायचं नाही. एकदा जिन्यात शेजारीण नवऱ्याला म्हणाली, "बिचारा. याला कुणी नाही वाटतं." 'आहेत' हा शब्द मामाला येत होता. तो गिळून तो खोलीत गेला.

रविवारचा फोनही आटत गेला. आई बोलायची, तो हं, हं करायचा. "रेडिओचे सेल संपले रे," फोन ठेवून ती मला म्हणायची.

तिसऱ्या वर्षी एकदा ड्युटी संपल्यावर मेट्रनबाईसुद्धा येऊन रिकाम्या खाटेच्या काठावर बसल्या. अर्धा तास बोलल्या, चष्मा पुसला, गेल्या.

करार संपत आला तसा मिशनचा नवा नियम निघाला: राहायचं तर भाषेची तोंडी परीक्षा द्या. नापास झालात तर घरी. पास झालात तर नाव फळ्यावर, म्हणजे बाराही खाटांना बातमी. इकडे आड, तिकडे विहीर.

"नापास हो की," आई म्हणाली. "शाळेत कुठे जड जात होतं?"

परीक्षा घ्यायला मेट्रनबाईच बसल्या होत्या. बाजारात काय काय मिळतं? मामाला कांद्याचं नाव येईना, बटाट्याचं येईना. बसस्टँड कुठे आहे? तेही येईना. मुद्दाम चुकायची गरजच पडली नाही. शेवटी बाईंना दया आली. "येईल ते बोला."

मामानं तोंड उघडलं. वॉर्डात ऐकलेलं येत होतं, तेच आलं: "मी तिला कधी सांगितलंच नाही. भाऊ आला असता तर मी दार उघडलं असतं. माझ्या मुलाला कळू देऊ नका. दिवा राहू द्या, मला भीती वाटते."

व्याकरण चोख. मेट्रनबाईंचं पेन थांबलं.

"कधीपासून कळतंय तुम्हाला?"

"दुसऱ्या वर्षापासून."

बाईंनी चष्मा पुसला. "माझं वाक्य यात नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही," मामा म्हणाला.

त्यांनी 'पास' लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्ड सभ्य झाला. जेवलात का? हवा काय म्हणते? शेजारणीनं चहाला बोलावलं. तीन वर्षं ज्या चहासाठी जीव टाकला, तो समोर तसाच निवत राहिला. स्टूल कुणी ओढेना. दोन महिन्यांनी त्यानं आणखी लांबच्या, वेगळ्याच भाषेच्या इस्पितळात बदली मागितली. अर्ज मेट्रनबाईंनी स्वतः लिहिला.

आईनं फोनवर आकाशपाताळ एक केलं. "घरी ये. मागची खोली रिकामी केलीय. इथं काय कमी आहे तुला?"

"तिथं मला सगळं कळतं गं."

"मग बरंच की! मी बोलेन ना तुझ्याशी."

"तू? गेल्या साली तुझं ऑपरेशन झालं. मला कुणाकडून कळलं? भाच्याकडून. तू काय म्हणालीस? 'बरं आहे.'"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिथून उठून गेलो.

त्याला तिकडे जाऊन आता अकरा महिने झाले. परवा फोनवर चोरून बोलल्यासारखा म्हणाला, "ताई, पाण्याला काय म्हणतात ते कळायला लागलंय गं."

"कानात बोळे घाल," आई म्हणाली, आणि फोन ठेवून मागची खोली झाडायला गेली.