तक्रार कोणाची?

माझी इच्छा मेली होती, आणि ती मला परत हवी होती. वय अडतीस, पाळी वेळेवर, नवरा आवडता. भांडण नाही, तंटा नाही. तरी त्याचा हात अंगावर पडला की माझ्या डोक्यात उद्याचे डबे यायचे. पूर्वी असं नव्हतं. त्याची सेकंड शिफ्ट असली की मीच जागी राहायचे. ते आठवत होतं, म्हणून जास्त लागत होतं.

बायकांसाठी यावर गोळी निघालीय असं कुठंतरी वाचलं आणि आकुर्डीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना विचारायला गेले. त्या चक्क हसल्या. "दोन मुलं झाली ना? आता काय करायचीय गोळी? मिस्टर काही म्हणतात का?" नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यांना घेऊन या."

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथे कस्टमरची तक्रार आली की मगच धावाधाव सुरू होते, हे मला ठाऊक आहे. पण मी माल नव्हे, आणि नवरा माझा कस्टमर नव्हे!

दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्यांची खोकी चॉकलेटांशेजारी मांडलेली. त्या घेणाऱ्यांना कुणी म्हणत नाही, बायकोला घेऊन या. अस्सा संताप आला!

तरी पुढच्या वेळी दोघं गेलो. बाईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "बोला, काय त्रास आहे?"

तो बिचारा मला सांभाळून घ्यायला गेला. "नाही मॅडम, माझी काहीच तक्रार नाही."

"मग झालं तर! नशीब काढलंत हो, इतका समजूतदार नवरा." आणि त्या मला रक्तवाढीच्या गोळ्या लिहून द्यायला लागल्या.

माझं डोकंच फिरलं. "मॅडम, भूक माझी मेलीय. वाढणाऱ्याला काय विचारताय?"

पेन थांबलं. नवरा खाली बघायला लागला. बाईंनी चष्मा काढला, खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि विचारलं, "कधीपासून?"

मग झोप, थायरॉइड, चालू असलेली औषधं, सगळं निघालं. ती नवी गोळी सगळ्यांना चालत नाही, आधी तपासण्या करू, म्हणाल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. मला "कधीपासून?" एवढा एक प्रश्न विचारायला त्यांना आधी माझ्या नवऱ्याची साक्ष लागली.