बर्फाला भिणारे साहेब

पुण्यात ट्रेकिंग ग्रुपांना तोटा नाही, आणि त्यांच्या लीडरांना भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही. आमचे साहेब अपवाद होते. येरवड्याला राहणारे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ हिमालयात निघण्याआधीच्या बैठकीत सर्वांसमक्ष सांगत, "मला बर्फाची भीती वाटते. ज्यांना वाटत नाही, त्यांनी दुसरा ग्रुप बघावा." ग्रुपमधले कोथरूडकर हसत. त्यांना तो विनय वाटे.

गड चढला की माथ्यावर घसा फाडून गर्जना करायची, ही आम्हा सगळ्यांची सवय. बर्फात साहेबांनी तिला बंदी घातली. आवाजाने हिमकडे कोसळत नाहीत, असं मी वाचलं होतं. तसं ऐकवलंही.

"मीही वाचलंय," साहेब म्हणाले. "पण आपण आलोय हे डोंगराला कळवायचं कशाला? त्याने बोलावलं होतं का?"

घरी बुद्धमूर्तीपुढेही ते फार वेळ बसत नसत. म्हणत, "मला गप्प व्हायला बर्फ लागतो."

एका वर्षी खिंडीखालच्या उतारावर धुकं आलं. पुढच्याची पावलं दिसेनात. डावीकडचा उतार कुठे संपतो, तेही दिसेना. माझे पाय थिजले. हा शब्द मी तोवर उगाचच वापरत आलो होतो. साहेब मागून येऊन शेजारी उभे राहिले.

"घाबरलात?"

"हो."

"बरं झालं. मला वाटलं, मी एकटाच."

तेवढ्यात धुकं फाटलं. समोरचा डोंगर इतका जवळ होता की मान वर करायची छाती होईना. त्याच्या अंगावरून बर्फाचा एक पट्टा सुटला आणि मुकाट खाली गेला. आवाज नंतर आला, थेट पोटात. मी देव मानत नाही. पण आपल्याला मुळीच न ओळखणारं काहीतरी समोर उभं आहे आणि आपल्याला त्याच्यापुढे उभं राहायला मिळालंय, एवढं कळलं. साहेबांनी टोपी काढली होती.

"परत फिरा," ते म्हणाले.

"अहो साहेब, खिंड समोर दिसतेय की!"

"दिसली ना? मग झालं."

सगळे धड खाली आलो. पुढच्या वर्षी निम्मा ग्रुप झेंडा घेऊन चढणाऱ्या एका लीडरकडे गेला. साहेबांनी त्यांना हातमोजे कुठले घ्यावेत ते फोन करून सांगितलं.

मागच्या हिवाळ्यात साहेब गेले. यंदा मीही झेंडेवाल्यांबरोबर त्याच उतारावर गेलो आणि मध्येच माझे पाय पुन्हा थिजले. नवे लीडर लगबगीने आले.

"काका, टेन्शन नका घेऊ! घाबरण्यासारखं काही नाहीये इथे."

मी समोर पाहिलं. डोंगर होता तसाच होता. शेजारी मात्र घाबरलेलं माणूस कोणीच नव्हतं.