माझ्या दंडावर बीपीचा पट्टा पुरला नाही, त्याची गोष्ट

गेल्या आठवड्यात बेळगावात एका दवाखान्यात माझी जरा मजाच झाली. नर्सबाई घामाघूम होऊन माझ्या दंडाशी झटत होत्या, पण बीपीचा पट्टा काही केल्या पुरेना…

नवीन मित्रांसाठी सांगतो. लहानपणी मला पोलिओ झाला, तेव्हापासून पाय नावालाच. पण दंड बघाल तर एखाद्याच्या मांडीएवढे! दिवसभर वडगावात घरचे यंत्रमाग सांभाळतो आणि संध्याकाळी जिममध्ये बेंच प्रेस मारतो. दिव्यांगांच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये झोपूनच वजन ढकलायचं असतं. खरं सांगू, त्या बेंचवर आडवा झालो की मी कुणापेक्षा कमी नसतो.

पुढच्या महिन्यात राज्याची निवड चाचणी, त्यासाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. पट्टा कसाबसा ओढून लावला आणि मशीनवरचा आकडा बघून नर्सबाई लगबगीनं उठल्या. आकडा फार वर आहे, असं डॉक्टर मॅडमना त्यांनी कन्नडमध्ये हळूच सांगितलं… कन्नड मलाही येतं की, पण ऐकलंच नाही असं दाखवलं.

मॅडम म्हणाल्या, लहान पट्टा जाड दंडावर आवळला की आकडा उगाच जास्त येतो. चार दिवस वजन उचलू नका, मोठा पट्टा आमच्याकडे नाही, तो मिळवा आणि परत या.

आमचे कोच आप्पा मोटरसायकलवरून अख्खा बाजार पालथा घालून मोठा पट्टा घेऊन आले. मी तर भेटेल त्याला सांगत सुटलो, दंडच असे केलेत की मशीनला झेपत नाहीत! आईलाही लई हसवलं.

काल आप्पांबरोबर परत गेलो. आईही हट्टानं सोबत आली. मोठा पट्टा अगदी नीट बसला. मला शांत बसवून दोन्ही हातांवर बघितलं, थोड्या वेळानं पुन्हा बघितलं… आकडा उतरला, पण थोडाच.

मॅडम सरळच बोलल्या. श्वास रोखून जड वजन ढकलताना बीपी क्षणभर सगळ्यांचंच खूप चढतं, पण तुमचं बसल्या जागीच वर आहे. उद्या डोक्यातली शीर फुटली तर काय करायचं? गोळ्या सुरू, जड वजन बंद. हलकं करा, पुढचं पुढं बघू. सर्टिफिकेट मिळणार नाही.

आप्पा उठून बाहेर गेले. चाळिशी आली आता, पुढच्या वेळी मला कोण विचारतंय…

वाटलं, आई रडेल. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या पायाचं कळालं तवा लई उशीर झालता रं. ह्याचं तरी येळंत कळालं."

इतक्या वर्षांत माझ्या पायांबद्दल ती एक शब्दही बोलली नव्हती. एवढं सगळं ती एकटीच मनात घेऊन बसली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता…

बेंच सुटल्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आज सकाळी आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. गोळी माझ्या हातात न देता तिनं स्वतःच्या हातानं माझ्या तोंडाजवळ धरली. मी तोंड उघडलं.