मागे बघत चालणारी जना

धसईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी वीस-बावीस घरांची ठाकरवाडी आहे. तिथल्या जनाला रानातली वाट विचारायला कुणीकुणी लांबून यायचं. शेवळांची रानभाजी कुठल्या खडकाआड आधी वर येते, उन्हाळ्यात पाणी कुठल्या घळीत टिकतं, सगळं हिला पाठ. पाटी घेऊन मुरबाडच्या बाजारात बसली आणि कुणी गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, की म्हणायची, "डोंगरावं चढ, हातानं खूड आनि फुकट ने." तोंडाची फटकळ आणि पायाला भिंगरी, असली बाई.

तिच्या चालण्याची एक रीत होती. दहा-वीस पावलं टाकली की थांबून मागे बघायचं. पुढे बघून चालतो तो हरवतो, असं ती सांगायची, कारण येताना तीच वाट वेगळी दिसते. आणि रानातून परतली की घराजवळच्या मोहाच्या झाडाखाली थांबून हाळी द्यायची, "आलेऽऽ गो!" आतून कुणीतरी "ये" म्हटल्याशिवाय ती अंगणात पाऊल टाकत नसे. रानातून माणसामागे काय काय येतं, घराने ओ दिली की ते मागच्या मागे फिरतं, असं तिच्या सासूने शिकवलं होतं.

अशा बाईचा गेल्या वर्षीच्या श्रावणात ओहोळातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. काठी धरून घरात-अंगणात हिंडा, डोंगर मात्र विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. जनाने डोंगराबरोबर अंगणही सोडलं. दारातून समोरचा डोंगर दिसतो, तो नजरेला नको म्हणून तिने नवऱ्याला, बुधूला सांगून खाट फिरवून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. काठी आणली तशी खुंटीला लटकलेली. बुधूने समजावलं, वाडीने समजावलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सणासुदीलाही बाई खाटेवरून हलली नाही.

पौषात जवळच्या म्हसा गावाची जत्रा भरते. यंदा त्या निमित्ताने तिची लेक मीना चार दिवसांची रजा काढून कल्याणहून आली. तिकडे ती एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. दुपारी जेवणं झाली तशी मीना आईच्या पायाशी बसून लॅपटॉपवर गेम खेळू लागली. जरा वेळाने त्यातलं एक पाखरू ओरडलं, तसा खाटेवरून आवाज आला, "ह्ये कुठलं पाखरू गो? आपल्याकडलं नाय."

"गेममधलं हाय आये."

"मारामारीचा ना तो? शेजारच्या भगीरथचं पोर खेलतं तसला?"

"नाय गो. यात मारामारी नाय. कुनी मरत नाय."

"मंग काय करायचं?"

"चालायचं."

जना वळली. दीड वर्षात ती अशी आपणहून वळली नव्हती! मीना पोरगी शहाणी. तिने नुसता लॅपटॉप आईच्या पुढ्यात सरकवला.

गोष्ट साधी होती. परमुलखातल्या एका डोंगरावर रान राखणारी एक बाई एकटी राहायची. एके दिवशी ती झोपडी सोडून गेली आणि आलीच नाही. तिच्या वाटेने चालायचं, तिच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि ती कुठे गेली ते शोधायचं. डाव्या हाताने बटणं दाबून चालायचं, उजव्या हाताने माऊस फिरवून बघायचं. पहिला तासभर जनाने नुसतं आभाळ आणि स्वतःच्या पायाखालची माती पाहिली. कोयता चालवलेला हात तो, त्याला माऊस म्हणजे कापसाचं बोंड. मग एकदम जमलं. "चालले! मीने, चालले बघ!" ती ओरडली.

झोपडीशी पोचली आणि थांबली. हाक मारल्याबिगर परक्याच्या घरात शिरायचं नाही, म्हणून लॅपटॉपला हाक मारून झाली. ओ आली नाही तर आत जायला तयार होईना. मीनाने कशीबशी समजूत घातली, तर म्हणते, "चपला कुठं काढू?"

दुसऱ्या दिवशी जत्रा राहिली बाजूला, मायलेकी सकाळपासून त्या डोंगरात. चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या, त्या मीना वाचून सांगायची. ओढा ओलांडल्यावर मात्र एक खडकाळ माळ लागला, तिथे मीना आधीच आठवडाभर अडकली होती. सगळे खडक सारखे, जावं तिकडून फिरून ओढ्यावरच.

जित्याची खोड काही जात नाही. जना दहा पावलं चालायची आणि वळून मागे बघायची. मीना वैतागली. "आये, पुडं बघ ना! मागं काय हाय?"

"थांब." जना अर्धी उठून बसली. "ह्यो बघ चुना!"

खडकाच्या पाठीवर पांढरा पट्टा होता. जाणाऱ्याला तो दिसतच नव्हता. त्या बाईने खुणा केल्या होत्या त्या परतताना दिसाव्यात म्हणून. "शानी बाई हाय," जना हरखून म्हणाली, "आपल्यातलीच." मग काय, दहा पावलं पुढे जायचं, मागे बघायचं, पट्टा दिसला की वाट खरी. नाही दिसला तर दुसरा खडक. पट्ट्यामागून पट्टा सापडत गेला तसा जनाला पोरीसारखा हुरूप चढला. चहा निवला. संध्याकाळी डोंगराचा माथा आला. तिथे डब्यात शेवटची चिठ्ठी होती. बाई सुखरूप पलीकडच्या गावात उतरली होती, बहिणीकडे. जनाचे डोळे भरून आले.

तेवढ्यात पडदा काळा झाला आणि नावं धावू लागली.

"संपला आये! जिंकलीस तू!"

"संपला कसा? घरी कुठं पोचले?"

"गेममध्ये परत यायचं नसतं गो. इथंच संपतो."

"मानसाला माथ्यावं सोडून संपतो?" जना खवळली. "ज्यानं केला त्याला रान ठावं नाय. माला उतरून घरी जायचं हाय!"

मीनाने माथ्याच्या जरा अलीकडची जागा पुन्हा उघडली. जना फिरली. आता सगळे पट्टे तिच्या समोर होते, एकामागून एक. माळ गेला, ओढा गेला. कुणी सांगितलं नव्हतं, तिथे काही मिळणार नव्हतं. तरी ती चालत राहिली, झोपडी दिसेपर्यंत. दाराच्या दहा पावलं अलीकडे ती थांबली आणि छातीत होता नव्हता तेवढा दम काढून तिने हाळी दिली, "आलेऽऽ गो!"

अंगणात बुधू भाताच्या पेंढ्या रचत होता. वर न बघता तो बोलून गेला, "ये."

मग त्याचे हात थांबले. त्याने आधी मोहाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तो धावतच दारात आला, तर जना खाटेवर बसलेली, त्याच्याकडे बघत.

"मीने," ती म्हणाली, "खाट फिरवा गो. त्वांड दाराकडं."

बुधूने एक बाजू धरली, मीनाने दुसरी.

"माझ्या वझ्यासकट उचलता का?" जना म्हणाली. "थांबा, उतरते आदी. ती काठी द्या."